शिक्षकाचे नेतृत्व व शाळेचे वातावरण

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून एखाद्या शिक्षकाची बदली होते, तेव्हा प्रभार देण्याघेण्याचा विधी मोठ्या काटेकोरपणे पार पडतो. सर्वसाधारण नोंदवही, हजेरीपत्रके, डेडस्टॉकची नोंदवही, कीर्द, पोषण आहाराच्या तांदळाचा शिल्लक साठा, कपाटाच्या किल्ल्या, या साऱ्यांची मोजदाद होते. यादीवर दोघांच्या सह्या होतात. एक बादली कमी भरली तरी तिचा शोध लागेपर्यंत सही अडून राहते. परंतु त्या शिक्षकाने पाचसात वर्षे खपून जे निर्माण केले असेल, ते या यादीत कोठेच येत नाही. वर्गातील मुले प्रश्न विचारावयास भीत नव्हती, आया न बोलावता शाळेच्या ओट्यावर येऊन बसत होत्या, उशिरा आलेल्या मुलास दाराबाहेर तिष्ठावे लागत नव्हते, या गोष्टींचा प्रभार कोणी कोणास देत नाही.

याचा परिणाम कित्येक गावांनी पाहिला आहे. एका शिक्षकाच्या काळात शाळा भरभराटीस येते. पट वाढतो, तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाकडे गेलेली चार मुले परत येतात, भिंती बोलू लागतात. मग त्याची बदली होते, आणि दोन वर्षांच्या आत शाळा होती तेथे येऊन ठेपते. गावकरी हळहळून म्हणतात, "ते गुरुजी होते तोवर शाळा होती." हे वाक्य स्तुतीदाखल उच्चारले जाते, व त्या शिक्षकाच्या कानावर गेले म्हणजे त्यालाही धन्यता वाटते. वस्तुतः त्यात एक तक्रार दडलेली आहे. शाळा जर एका माणसाबरोबर निघून गेली, तर ती गावाची कधी झालीच नव्हती. पट घसरलेल्या शाळेचे पुढे काय होते, हे प्राथमिक शिक्षकांस सांगावयास नको. तेव्हा हा प्रश्न कोणाच्या नावलौकिकाचा नसून वाडीवस्तीवरील शाळा टिकण्याचा आहे, आणि म्हणूनच तो केंद्रातील प्रत्येक शिक्षकाने विचारात घ्यावा अशा योग्यतेचा आहे.

नेतृत्व हा शब्द उच्चारला की व्यासपीठ, हारतुरे व भाषणे डोळ्यांपुढे उभी राहतात. शाळेच्या संदर्भात हा अर्थ निरुपयोगी होय. दुसरा समज असा की, नेतृत्व हे मुख्याध्यापकाचे काम. इतरांनी आपापला वर्ग सांभाळावा. हाही समज व्यवहारात टिकत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली मंजूर झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि पट १५० च्या वर गेल्यास स्वतंत्र मुख्याध्यापक, असे मान ठरविलेले आहे. याचा अर्थ असा की, लहान गावच्या शाळेत दोन शिक्षकांपैकी जो सेवेने ज्येष्ठ, तोच प्रभार सांभाळतो. दोन इयत्ता शिकवितो, माहितीचे तक्ते भरतो आणि तांदळाचा हिशोबही ठेवतो. सहकाऱ्यास हुकूम करावा असा अधिकार त्याच्यापाशी नाही, आणि असता तरी दोघांच्या शाळेत तो वापरून काय साधणार? त्याला जे काही साधावयाचे ते दुसऱ्या मार्गाने साधले पाहिजे.

तो मार्ग कोणता, हे शब्दांनी सांगण्यापेक्षा एका प्रत्यक्ष कार्यावरून समजून घेणे बरे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे केलेले कार्य प्रशिक्षणाच्या पुस्तकांतून बहुतेक शिक्षकांच्या वाचनात आलेले असते. पण ते बालवाडीचा इतिहास म्हणून वाचले जाते. शिक्षकाची वाढ कशी होते आणि तो दुसऱ्यास कसा वाढवितो, या दृष्टीने ते क्वचितच पाहिले जाते.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्यावर त्या भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहवासात आल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे मुंबईत दादर येथे त्यांनी शिशुविहार चालविला. तो शहरातील सुस्थित घरांच्या मुलांसाठी होता, उत्तम चालला होता, आणि तेथेच राहून त्यांना आयुष्यभर मान मिळाला असता. परंतु ज्या पद्धतीचे गोडवे आपण गातो ती खेड्यातील गरिबाच्या मुलाला लागू पडते की नाही, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये, वयाची पन्नाशी उलटून गेल्यावर, त्या डहाणू तालुक्यातील बोर्डीस आल्या. त्या वेळी हा प्रदेश ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो.

त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचा वृत्तान्त प्राथमिक शिक्षकाने विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. कारण त्या मूळच्या प्राथमिक शिक्षिकाच. जन्म १९१० चा. बालवयात विवाह आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य. अशा स्थितीत त्या काळी मुलीपुढे जे आयुष्य वाढून ठेवलेले असे, ते नाकारून त्यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण पुरे केले, चांदवड येथे व नंतर पुण्यात अध्यापन केले, आणि नोकरी सांभाळून रात्रशाळेत जाऊन मॅट्रिकची परीक्षा दिली. बी. ए. ची पदवी तर त्यांनी पन्नाशीनंतर मिळविली. १९४५ मध्ये त्या पस्तीस वर्षांच्या होत्या व त्यांच्या गाठीस अध्यापनाचा दीर्घ अनुभव होता. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर शिक्षकाची एक ठरावीक बैठक बनते. नवे काही कानावर आले की "हे सर्व करून झाले आहे" असे उत्तर तयार असते. अनुताईंनी पुण्यातील स्थिर नोकरी सोडली आणि सर्वस्वी अपरिचित प्रदेशात, स्वतःहून वडील अशा एका बाईंच्या हाताखाली पुन्हा शिकावयास सुरुवात केली. नेतृत्वाच्या मार्गावरील त्यांचे पहिले पाऊल हे होते. ते शिकवण्याचे नव्हते.

बोर्डीस बालवाडी निघाली, पण पाड्यांवरील मुले तिच्यात येईनात. शाळेची इमारत, ठरावीक वेळ, स्वच्छ कपडे, अनोळखी माणसे, यांपैकी काहीच त्या मुलांच्या ओळखीचे नव्हते. अशा वेळी शिक्षक सामान्यतः दोन गोष्टी करतो: पालक उदासीन आहेत अशी नोंद करतो, किंवा मुलांस धरून आणतो. ताराबाई व अनुताईंनी यांतले काहीच केले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका पाड्यावर जात, मुलांना गोळा करीत, त्यांना आंघोळ घालीत, केस विंचरीत. मग गाणी, गोष्टी, खेळ चालत. अंगणातल्या या बालवाडीला अंगणवाडी हे नाव पडले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. म्हणून बिया, खडे, शंखशिंपले, पाने, काटक्या हीच साधने झाली. हलके-जड, गुळगुळीत-खरखरीत, लहान-मोठे हे सर्व त्यांवरून शिकविता येते, आणि एखादी वस्तू हरवली तर तिची नोंद डेडस्टॉकमधून कमी करावी लागत नाही.

मग असे दिसून आले की, थोडी मोठी मुले अंगणातही नसतात. ती गुरे घेऊन रानात गेलेली असतात. तेव्हा शिक्षक कुरणात गेला, व कुरणशाळा सुरू झाली. पुढे असेही ध्यानात आले की, शाळेच्या वयाच्या मुली येत नाहीत, कारण धाकटे भावंड त्यांच्या कडेवर असते आणि आई कामावर गेलेली असते. यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक वर्ग शेजारी शेजारी आणले गेले. मुलगी भावंडासह यावी, त्याला पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः वर्गात बसावे. या योजनेस विकासवाडी म्हणत. दरम्यान हे केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले होते.

या सर्व क्रमात एक गोष्ट ध्यानी धरण्याजोगी आहे. अंगणवाडी, कुरणशाळा आणि विकासवाडी या तिन्ही कल्पना कोणत्याही परिपत्रकातून आलेल्या नव्हत्या. प्रत्येक वेळी कोणते तरी मूल गैरहजर होते, आणि ते का आले नाही याचा शेवटपर्यंत शोध घेतल्यावर नवी कल्पना हाती आली. हजेरीपत्रकातील रिकामी चौकट हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. पुष्कळ शाळांत तीच चौकट लाल शाईने गैरहजेरी मांडून संपते.

ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या मागे कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरीपर्यंत, सांभाळले आणि वाढविले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज ते गावोगावी आहे. मूळ कल्पना ताराबाईंची असली, तरी पाड्यावर दररोज उभे राहण्याचे काम अनुताईंचे होते. त्या नुसत्या सांगकाम्या असत्या, तर १९७३ नंतर टेकडीवर केवळ इमारती राहिल्या असत्या. ताराबाईंच्या नेतृत्वाचे मोजमाप करावयाचे तर त्यांना १९६२ मध्ये मिळालेल्या पद्मभूषणावरून ते होणार नाही. त्यांच्या पश्चात एकोणीस वर्षे काम चालविणारी दुसरी व्यक्ती त्यांच्या सहवासात तयार झाली, यावरून ते होईल.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे भाग आहे. असे काही वाचले की उत्साही शिक्षक शंखशिंपले गोळा करून पुठ्ठ्यावर डकवितात आणि तो तक्ता तालुक्याच्या प्रदर्शनात मांडतात. ते कोसबाड नव्हे. कोसबाडपासून घ्यावयाचे ते साधन नसून शोधाची सवय आहे. मराठवाड्यातील ज्या गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीस जातात, तेथे कुरणशाळेचा धडा वेगळ्या रूपाने लागू पडतो. मूल आजीजवळ गावात राहू शकेल काय, हंगामी वसतिगृहाची माहिती आईबापांस टोळी निघण्याच्या अगोदर मिळाली काय, ते परत येईल तेव्हा त्याची जागा व त्याची वही वर्गात शिल्लक असेल काय, हे प्रश्न त्या गावच्या शिक्षकाचेच आहेत. ते ऐनवेळी सुचून उपयोग नाही. पोळ्याच्या सुमारासच सुचले पाहिजेत.

आता दोन शिक्षकांच्या नेहमीच्या शाळेकडे वळावे. तेथे दोन खोल्या असतात व मध्ये एक भिंत. त्या भिंतीपलीकडे काय शिकविले जाते हे दुसऱ्या शिक्षकास वर्षानुवर्षे ठाऊक नसते. परस्परांविषयी आदर असतो, चहा एकत्र होतो, रजेच्या वेळी एकमेकांचे वर्ग सांभाळले जातात. परंतु एकाचा पाठ दुसऱ्याने पाहणे म्हणजे तपासणी, अशी भावना रूढ झालेली आहे. ही भावना उपदेशाने जात नाही. ज्याला ती घालवावयाची असेल त्याने आपला दरवाजा आधी उघडावा, आणि तोही आपल्या यशस्वी पाठासाठी नव्हे, तर अडलेल्या पाठासाठी. "बाई, माझ्या वर्गात सहा मुलांना हातच्याची वजाबाकी काही केल्या येत नाही. आपण अर्धा तास मागे बसून पाहाल का?" एवढे वाक्य ज्येष्ठाने कनिष्ठास म्हणण्यास धैर्य लागते. पण ते म्हटले गेले की पुष्कळ काही मोकळे होते.

समजा, बाई येऊन बसल्या. फळ्यावर ५२ वजा २७ हे उदाहरण आहे. सहाही मुलांनी उत्तर ३५ लिहिले आहे. गुरुजींच्या मते हा निष्काळजीपणा. ते तीनदा सांगून चुकले आहेत की शेजारून एक उसना घ्या. मागे बसलेल्या बाईंना मात्र दिसते की, सहा मुले निरनिराळ्या चुका करीत नाहीत, सर्वांची चूक एकच आहे. सातातून दोन गेले, राहिले पाच; पाचातून दोन गेले, राहिले तीन. मोठ्या अंकातून लहान अंक काढावा, असा एक नियम त्यांनी मनाशी बांधला आहे व ती तो इमानाने पाळीत आहेत. शेजारून आलेला 'एक' हा वास्तविक दहाचा गठ्ठा आहे, हे त्यांना कधी दिसलेलेच नाही. मग काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या आणाव्यात, एक गठ्ठा मुलाने स्वतः सोडावा, बारा सुट्या काड्यांतून सात काढाव्यात, आणि उरलेले दोन गठ्ठे व पाच काड्या त्यानेच मोजाव्यात. पंचवीस हे उत्तर त्याच्या हातातच असते. ही युक्ती नवी नाही, अध्यापक विद्यालयात सर्वांनीच ती शिकलेली असते. परंतु फळ्याजवळ उभे राहणाऱ्यास मुलाची पाटी उलटी दिसते. ती सुलटी दिसण्यासाठी मागे कोणीतरी बसावे लागते. पुढच्या आठवड्यात बाई आपल्या वर्गातील अडचण सांगतात व गुरुजी मागे बसतात. अशा शाळेत पुढे या दोघांपैकी कोणाचीही बदली झाली, तरी मागे राहिलेला शिक्षक निम्मी शाळा जपून ठेवतो, आणि नव्याने येणाऱ्यास पहिल्याच महिन्यात मागच्या बाकावर बसण्याचे निमंत्रण मिळते. शाळेचे वातावरण म्हणतात ते असे एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

वातावरणाचा दुसरा उगम शिक्षकांच्या आपसांतील बोलण्यात आहे. मधल्या सुटीत चहा घेताना मुलांविषयी जे शब्द वापरले जातात, तेच दुपारी वर्गात नकळत उतरतात. 'ढ', 'मठ्ठ', 'त्याच्या घरीच कोणी शिकलेले नाही', 'वरच्या वाडीची पोरे ती अशीच' ही बोलणी द्वेषाने होत नाहीत. बहुधा थकव्याने होतात. पण मुलांचे कान तीक्ष्ण असतात. अशा प्रसंगी सहकाऱ्यास नीतिपाठ देणाऱ्या शिक्षकापासून इतर जण दूर बसू लागतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. त्यापेक्षा "त्याला काय काय येते?" एवढे सहज विचारावे. त्या मुलास कदाचित वाचता येत नसेल, पण बाजारातील हिशोब तोंडी येत असेल, शेळीच्या आजाराची माहिती असेल, किंवा घरच्या बोलीत त्याला लांबलचक गोष्ट सांगता येत असेल. बोली ही तर विशेष महत्त्वाची बाब आहे. भिली, वारली किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाचे पहिले वाक्य शाळेत हशावारी गेले, तर त्याचे दुसरे वाक्य ऐकावयास फार दिवस थांबावे लागते.

परिपाठाविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. मुलांनी परिपाठ चालवावा, बालसभा भरवावी, हे आता बहुतेक शाळांतून होते. फक्त तीच ती चार हुशार मुले पुढे असतात, याकडे लक्ष द्यावे. तसेच झाडू मुलींच्या हाती व घंटा मुलांच्या हाती, ही वाटणी अजून कित्येक ठिकाणी चालू आहे. ती कोणी ठरविलेली नाही, आणि म्हणूनच ती मोडावयास कोणाच्या परवानगीची गरज नाही.

पालकांचा प्रश्न अधिक अवघड आहे. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत व निम्मे सदस्य स्त्रिया असाव्यात असे ठरविले आहे. कागदावर हे प्रमाण सर्वत्र पाळलेले आढळते. परंतु सभा सकाळी अकरा वाजता बोलावली जाते, त्या वेळी सदस्य स्त्रिया खुरपणीस गेलेल्या असतात. मग इतिवृत्त लिहून ते घरोघर फिरविले जाते व सह्या घेतल्या जातात. अशा सभेस सभा म्हणणे कठीण आहे. कोसबाडचा धडा येथे अगदी साधा आहे: ज्याला बोलवावयाचे त्याच्या अंगणात, त्याच्या वेळेस जावे. सायंकाळी चुली पेटण्याच्या आधी, एखाद्या घराच्या ओट्यावर, चार आयांसमोर मुलांच्या वह्या उघडून ठेवल्या आणि प्रत्येकीला तिच्या मुलाने लिहिलेले त्याच्याच तोंडून ऐकविले, तर तेवढ्याने पुष्कळ काम होते. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिला मूल वाचीत आहे की पाठ म्हणत आहे हे फार लवकर कळते. पुढे गुरुजींची बदली झाल्यावर नव्या शिक्षकास "आमच्या शाळेत वह्या दाखविण्याची पद्धत आहे" असे सांगणारी हीच स्त्री असते. शाळेची पद्धत गावाच्या तोंडी बसली की ती शिक्षकाच्या बदलीने बदलत नाही.

सहकारी साथ देत नसेल तर काय करावे, हा प्रश्न प्रत्येक मेळाव्यात निघतो. त्यास सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. कोणाच्या घरी आजारपण असते, कोणास दररोज चाळीस किलोमीटर जाऊन येऊन काम करावे लागते, कोणाच्या सूचनेची एके काळी थट्टा झालेली असते व त्याने पुन्हा तोंड न उघडण्याचे ठरविलेले असते. क्वचित आळसही असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. इतके मात्र खरे की, सर्व कामे स्वतःच्या अंगावर ओढून घेणारा तडफदार शिक्षक सहकाऱ्यास निष्क्रिय होण्याची सवलतच देत असतो. स्नेहसंमेलन त्याचे, सहल त्याची, वृत्तपत्रातील बातमी त्याची. मग उरलेल्यांनी कशाचे मन लावावे? एखादे काम दुसऱ्याकडे सोपवावे, ते थोडे कमी प्रतीचे झाले तरी चालवून घ्यावे, आणि त्याचे श्रेय पालकसभेत त्याच्याच नावे सांगावे. हे बोलावयास सोपे असून आचरणास फार जड आहे, आणि कर्तबगार माणसास तर विशेष जड.

शाळाभेटीस येणाऱ्या अधिकाऱ्यांचाही यात वाटा आहे. भेटीच्या आरंभी दप्तर मागितले गेले तर शाळा दप्तर नीट ठेवावयास शिकते. मुलाजवळ बसून त्याला वाचावयास सांगितले तर शाळा वाचनाकडे वळते. शेरेपुस्तकात "सुधारणा करावी" असे लिहिण्यास अर्धा मिनिट लागतो. कोणत्या दोन शिक्षकांनी परस्परांचे किती पाठ पाहिले व त्यातून काय निघाले, हे विचारून लिहिण्यास अर्धा तास लागतो. हा अर्धा तास केंद्रप्रमुखांनी व विस्तार अधिकाऱ्यांनी काढला पाहिजे.

आरंभी जी प्रभाराची यादी सांगितली, तिला जोडून एक साधी वही सुरू करणे शक्य आहे. तिच्यासाठी निराळा नमुना छापण्याचे कारण नाही. शंभर पानी वही पुरेशी आहे. प्रत्येक मुलास एक पान. त्यावर ते काय वाचू शकते, कोणत्या उदाहरणास अडते, कशात रमते, घरी कोणती बोली बोलते, घरून कोण शाळेत येऊ शकते व कोणत्या वेळी, एवढेच लिहावे. कोणत्या मुलास पुढच्या रांगेत बसवावे कारण त्याला फळा दिसत नाही, कोणती मुलगी दिवाळीनंतर गैरहजर राहण्याचा संभव आहे आणि त्याबाबत कोणाशी बोलणे झाले आहे, हेही लिहावे. मुलाच्या घरातील भांडणे, व्यसने किंवा गावातील राजकारण यांचा एक शब्दही तीत येऊ नये; वही कोणाच्या हाती पडेल हे सांगता येत नाही, व मुलाची अब्रू ही शिक्षकाकडे ठेवलेली ठेव असते. अखेरच्या पाच-सहा पानांवर शाळेच्या चालत आलेल्या रीती नोंदवाव्यात: पाठ पाहणे कोणत्या वारी होते, वह्या दाखविण्याची सभा कोणाच्या ओट्यावर भरते, ग्रंथपेटीची किल्ली कोणत्या मुलाकडे असते.

ही वही दोन्ही शिक्षकांनी मिळून लिहावी. एकानेच लिहिली तर ती आणखी एक दप्तर होईल. बदलीच्या दिवशी जुन्या व नव्या शिक्षकाने ती समोर ठेवून निदान दोन तास एकत्र बसावे, आणि शक्य असल्यास नव्या शिक्षकास बरोबर घेऊन वस्तीवरून एक फेरी मारावी.

येत्या शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेने या अभ्यासलेखावर पुढील प्रश्नांच्या अनुरोधाने चर्चा करावी. गेल्या महिन्यात सर्वांत अधिक दिवस गैरहजर राहिलेले मूल कोणते, आणि त्याच्या गैरहजेरीचे कारण शाळेस कोणाकडून कळले? सहकाऱ्याचा पाठ शेवटचा केव्हा पाहिला, व तो पाहून स्वतःच्या कोणत्या पाठात बदल केला? व्यवस्थापन समितीच्या मागील सभेत प्रत्यक्ष किती माता उपस्थित होत्या, आणि त्यांच्यापैकी किती जणी बोलल्या? उद्या बदलीचा आदेश आला, तर आज शाळेत चालू असलेल्या गोष्टींपैकी कोणत्या तीन गोष्टी पुढील जूनमध्येही चालू राहतील, व त्या कोण चालवील? उत्तरे लेखी आणावीत. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात व्यक्तीचे नाव असावे, व ते उत्तर लिहिणाऱ्याचे स्वतःचे नसावे. केंद्रप्रमुखांनी ही उत्तरे जपून ठेवावीत आणि पुढील वर्षी जूनच्या परिषदेत त्या त्या शाळेपुढे पुन्हा मांडावीत.